अल बरकतवरचा माणूस

१० डिसेंबर २०२३
खसब, ओमान

हुमेरा,

सलाम. लगेच फाडू नकोस. वाचून फाड.

तू म्हणालीस, फोनवर बोलायचं नाय. फोनवर तू गोड बोलतोस, मी भुलते, आणि फोन ठेवल्यावर आठवतं की विचारायचं होतं ते राहूनच गेलं. जे काय असेल ते लिहून पाठव. आणि मग माझा नंबर ब्लॉक केलास. आता मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, कंपनीतला रजेचा अर्जपण दुसऱ्याकडून लिहून घ्यायचो, ते मला पत्र लिहायला बसवलंस. अक्षराला हसू नकोस. हसलीस तर मला कळव, म्हंजे निदान हसलीस एवढं तरी कळेल.

अस्लमचाचा रजेवर निघालेत. ते खांब नाक्यावर उतरून तुझ्या बावांच्या घरी हे पत्र देतील, खजूर देतील आणि एक अत्तराची बाटली देतील. अत्तर नाय आवडलं तर बतूलभाभीला दे. आणि पत्राला फिनेलचा वास आला तर तो चाचांच्या बॅगेचा.

तुझं म्हणणं जुहेबभाईंनी चाचांच्या फोनवर मला ऐकवलं. रमजानच्या आधी जाब पायजे. मी परत येतोय का, तुला इकडे नेतोय का, नायतर तुला मोकळी करतोय का. जाब नाय आला तर जमातीची माणसं बसतील. तुझा भाऊ एवढं बोलला आणि फोन ठेवला. मेहुण्याला जेवलास का एवढं तरी विचारतात माणसं.

मी कुठं आहे ते आधी ऐक. आपली कुंडलिकेची खाडी डोळ्यापुढे आण. दोन्ही काठची झाडं, शेती, बांध सगळं पुसून टाक आणि तिथं नुसते कोरडे डोंगर उभे कर. एक हिरवं पान नाय. पाणी मात्र असं की खालची दगडं मोजावीत. खाडी डोंगरात घुसते त्याला इथं खोर म्हणतात, आणि त्या खोरात लहान लहान बेटं आहेत. लाकडी बोट, वर गालिचा, टेकायला तक्के. दुबईवरून नवरा-बायकोच्या जोड्यांचे ग्रुप येतात. जोडीनंच यायचं, एकट्याला घेत नाय. त्यांना बेटाबेटातून फिरवायचं, मासे दाखवायचे, संध्याकाळी एखाद्या किनाऱ्याला तंबू ठोकून द्यायचे. बोट सगळी माझ्याच हातात असते. सालेम नाखवा म्हातारा झालाय, तो माझ्यावरच सोडतो. दोरानं हात सोलून निघतात, पण ते काय, काम म्हंजे काम.

तू कासूला खालाकडे लग्नाला गेलेलीस आणि मी तुला विमानतळावरून फोन केला, ह्याचं उत्तर तुला पायजे असणार. घरात तू असतीस तर मी गेलो नसतो. एवढंच आहे ते. कंपनीत शिफ्ट लागली की मला भिंती दिसायच्या. वडखळच्या हॉटेलात उभा राहिलो तर अलिबागला जाणाऱ्या गाड्या दिसायच्या, वाटायचं सगळी दुनिया चाललीय आणि मीच भजी तळतोय. कुवेत पण तसंच. एका जागी बसलो की माझ्या पायात मुंग्या येतात, हे लग्नाआधी तुला कोणी सांगितलं नाय. सांगायला पायजे होतं.

आठवतं, लग्नानंतर मी तुला होडीनं पलीकडे नेलं होतं? तू खांबची, हायवेवरची, होडीत कधी पाय ठेवला नव्हतास. उतरताना चिखलात पाय गेला गुडघ्यापर्यंत, आणि नवी चप्पल आतच राहिली. मी हसलो. तू मला म्हणालीस, "हसतोस काय? पाण्यावरच्या माणसाशी लगीन लावलं ह्यांनी माझं." एक पाय अनवाणी घेऊन घरापर्यंत चाललीस, पण माझी चप्पल घातली नायस.

मी इथं टिकलोय. मालदीवचा एक एजंट सारखा फोन करतो, तिकडं मोठ्या बोटी आहेत म्हणतो, पण तो वेगळा विषय आहे.

तुझा,
इरशाद


६ जानेवारी २०२४
खसब

हुमेरा,

उत्तर मिळालं. माझ्याच पत्राच्या पाठीवर लिहिलंस. तुझ्या गावचा पोरगा कामावर परत आला त्यानं खिशातून काढून दिलं, घामानं ओलं झालं होतं. मला वाटलं आत बरंच काय असेल. तर, "बोटीचं नाव काय? अजून तिथंच आहेस का? हुमेरा." सलाम नाय, कसा आहेस नाय. आमच्या नाखव्याला बंदरातला पोलीसपण ह्याच्यापेक्षा जास्त विचारतो.

बोटीचं नाव अल बरकत. बाजूला आणि आत सुकाणूच्या वर हिरव्या रंगात लिहिलंय. व्हय, अजून तिथंच आहे. आता पुढच्या पत्रात विचारशील की बोटीला खिडक्या किती.

अत्तराचं काय लिहिलं नायस. फिनेलचं पण लिहिलं नायस, म्हंजे वास आला नसेल.

जोड्या बघून बघून मी आता ओळखतो. बोटीत चढतानाच कळतं. काय जणांचं लग्न नवं असतं, ती दोघं एकाच तक्क्याला टेकतात आणि डॉल्फिन आला तरी मान वर करत नायत. काय जणं फोटो काढण्यापुरती जवळ येतात, फोटो झाला की बाई ह्या टोकाला आणि बुवा त्या टोकाला. परवा एक म्हातारी जोडी आली होती. म्हाताऱ्याला बोट लागली, सारखा ओकत होता. म्हातारी त्याच्या पाठीवर हात फिरवत त्याला शिव्या घालत होती, "मी सांगितलं होतं, अंडं खाऊ नका, पण फुकटचा नाश्ता दिसला की तुम्ही..." त्या दोघांना बघून मला उगाच तुझी आठवण आली. म्हंजे शिव्यांमुळे नाय.

मी पण एकदा विचारून बघितलं. नाखव्याला म्हटलं, घरवाली आणायची झाली तर? तो म्हणाला, तू आधी एक उन्हाळा काढून दाखव. इथं उन्हाळ्यात कोणी राहत नाय, बोटी बंद होतात, पोरं पळतात. तू पण पळशील. मी म्हटलं, नाय पळणार. तो नुसता हसला. सगळी एकाच शाळेत शिकल्यासारखी बोलतात, तो आणि तुझा भाऊ.

मालदीवच्या माणसाचा नंबर फक्त सेव्ह केलाय. सेव्ह केला म्हंजे गेलो असं होत नाय. हे तुला सांगायची गरज नव्हती, पण लिहून झालं, आता खोडलं तर जास्तच वाईट दिसेल.

श्रीवर्धनचा एक जण घरी चाललाय, त्याच्याकडे हे देतो.

इरशाद


२७ जानेवारी २०२४
बोटीवर, सकाळ

हुमेरा,

जुहेबभाईंचा मेसेज तुला आधी मिळाला असेल तर तो खोटा आहे. खोटं ते बोलले नायत. मी बोललो. मी अल बरकतवरच आहे. आत्ता, हे लिहिताना, इंजिनाच्या बाजूला पिंपावर बसलोय. बोट बंदराकडे निघालीय, आणि बंदरात पोचायच्या आत हे पत्र संपवून मला बतूलभाभीच्या हातात द्यायचंय. म्हणून अक्षर असं. बोट हलते, मी पण हलतो.

झालं असं. परवा सकाळी ग्रुप आला. साहिल आणि दिपिका म्हणून पेणची जोडी आहे, ती दुबईच्या टूर काढतात. त्यांनी पेण-रोह्याच्या जोड्या आणल्या होत्या. मला काय माहीत. मी शिडी धरून पाण्यात उभा होतो. माझं काम ते आहे, हुमेरा. शिडी धरायची, चहा द्यायचा, भांडी घासायची आणि बोटीवरचं बाथरूम धुवायचं. सुकाणू नाखव्याच्या हातात असतं आणि इंजिन जमाल बघतो, तो बांगलादेशचा आहे. माझ्या हातात दोर असतो. फिनेलचा वास चाचांच्या बॅगेचा नव्हता.

शिडीवर चढणारा माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि वर बोटीकडे बघतो. शिडी धरणाऱ्याच्या तोंडाकडे कोणी बघत नाय. एक हात आला, जड, अंगठीवाला. अंगठी मी ओळखली. तुझ्या भावाचा हात माझ्या खांद्यावर होता, आणि मागून बतूलभाभीचा आवाज, "सांभाळून चढा हो, गुडघा हाय तुमचा."

मी फडकं तोंडावर ओढलं. इथं उन्हासाठी सगळेच बांधतात. काळा चष्मा होताच, दाढी वाढलीय, उन्हानं करपलोय. चहा घेऊन गेलो तर जुहेबभाईंनी मलाच विचारलं, "भाई, इधर इरशाद करके कोई है? रोहा का?"

मला वाटलं हे माझी चौकशी करायला आलेत. जमातीत सांगायला, की बघा, जावई संडास धुतो. आणि मी तुला काय लिहिलं होतं ते आठवलं, बोट सगळी माझ्याच हातात असते. तोंडातून निघून गेलं, "इरशाद? वो तो छोड के गया. महिना हुआ."

"और आपका नाम?"

"मुस्तफा. केरला."

जुहेबभाई मागे वळून भाभीला म्हणाले, "बघ. मी काय बोललो होतो? गेला. पायाला भिंगरी हाय त्याच्या." आणि फोन काढून तुला लिहायला बसले. पण बोट तोवर खोरात शिरली होती. डोंगराच्या आत रेंज नाय. मेसेज फोनातच अडकून राहिला. भाभीनं विचारलं तर म्हणाले, "असू दे, बाहेर निघालो की आपोआप जाईल."

दोन दिवस तो मेसेज त्यांच्या खिशात आणि मी त्यांना चहा देतोय. "थँक्यू, मुस्तफाभाई." "एक और शक्कर, मुस्तफाभाई." मला गप्प बसवेना. मागून पुढे, पुढून मागे चालत होतो. नाखवा ओरडला, माझ्या बोटीची फळी झिजवतोस काय.

काल संध्याकाळी बेटावर उतरलो. आणि तिथं ह्या लोकांनी काय काढलं असेल? मडकं. रोह्याहून मडकं आणलंय, गो! रितेश म्हणून एक पोरगा आहे आणि त्याची बायको मृणाली, त्यांनी विमानात मांडीवर घेऊन आणलं. वालाच्या शेंगा बॅगेत कपड्यांच्या खाली, आणि भांबुर्ड्याचा पाला ओल्या फडक्यात. बेटावर पोपटी लावायची म्हणे. फडकं सोडलं आणि तो वास आला. हुमेरा, मी तोंड फिरवून समुद्राकडे बघत उभा राहिलो. इथं झाड नाय, पान नाय, आणि नाकात आपल्या बांधावरचा पाला.

मग पेणवाल्यांचं आणि रोहेकरांचं जुंपलं. साहिल म्हणाला, मडक्यात बटाटे जास्त पायजेत. रितेश म्हणाला, "तुम्ही पेणवाल्यांनी गणपती करावेत. पोपटी आमच्यावर सोडा."

"अरे जा, कंपनीचा धूर खाऊन खाऊन तुमच्या जिभा गेल्या. तुम्हाला शेंग काय आणि प्लास्टिक काय."

जुहेबभाई मध्ये पडले, "भांडू नका, आधी माझी कोंबडी आत घाला, मग काय ते भांडा."

पाला, शेंगा, कोंबडी, अंडी, परत पाला, सगळं दाबून मडकं उलटं ठेवलं. पेंढा नव्हता म्हणून आम्ही खसबवरून आणलेल्या खजुराच्या वाळक्या झावळ्या रचल्या. धडाधडा पेटल्या. थोड्या वेळानं रितेश म्हणाला झाली, साहिल म्हणाला नाय झाली. मला कोणीतरी पाण्याची बाटली आणायला सांगितली होती. मी ती घेऊन गेलो आणि काय झालं मला कळलं नाय. बोटं ओली केली, मडक्यावर पाणी मारलं आणि खाली वाकून कान लावला. नुसतं फस्स झालं. चर्र नाय. आवाज कोरडा आला पायजे. मी हातानंच सांगितलं, अजून नाय. आणि आणखी झावळ्या टाकल्या.

पोपटी चांगली झाली. मला पण एका ताटलीत दिली. मी ती घेऊन पाण्याकडे गेलो, तिथं भांडी घासायची होती. मागून बतूलभाभी आली, हात धुवायचं निमित्त करून. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मडक्यावर पाणी मारून कान लावायची ही सवय केरळात कधीपासून आली?"

मी म्हटलं, "भाभी, पाया पडतो, सांगू नका."

"काय सांगू नको? तू हायस हे, का तू नाय हे?"

"मी संडास धुतो ते."

ती एकदम हसली. मग परत आवाज बारीक केला. "तू बोट चालवतोस, हे हुमेरानं वाचून दाखवलं तेव्हा आम्ही सगळी हसलो. खांब नाक्यावर तुला मोटरसायकल वळवता येत नाय, तू बोट काय चालवणार? तिला ते नकोच होतं. तुझं काम तिनं विचारलंच नाय रे. तिनं बोटीचं नाव विचारलं. दुबईला जायचं आमचं ठरलं तेव्हा साहिलला सांगून तिनं ही बोट घ्यायला लावली. मला म्हणाली, भाभी, काय बोलू नका, काय विचारू नका, तो तिथं हाय का नाय एवढंच बघून या. आणि तू काय सांगितलंस? छोड के गया."

हुमेरा, मी हातातली ताटली पाण्यात सोडली. ती तळाला जाऊन बसली, वरून सगळी दिसत होती.

मी म्हटलं, "तुम्ही जुहेबभाईंना सांगा ना."

"मी नाय सांगणार. मी सांगितलं तर म्हणतील, बायकांनी मिळून ह्याला वाचवला. तूच सांग. रेंज यायच्या आत."

काल नाय सांगितलं मी. ते जेवून खूश होते, सगळ्यांसमोर गाणं म्हणत होते. मग झोपले. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी ते भाभीबरोबर फोटो काढत होते. आता बोट चालू झालीय आणि मी पत्र लिहितोय. बघ, बोलायच्या ऐवजी लिहितोय, ते पण तुला. त्यांना सांगायचं ते तुला सांगतोय.

नाखवा म्हणतो समोरचा डोंगर वळला की टॉवर. सगळी जणं फोन वर धरून पुढच्या टोकाला उभी आहेत. जुहेबभाई पण. भाभी माझ्याकडे बघतेय. पत्र असंच देतो, सही नाय करत.


११ फेब्रुवारी २०२४
खसब

हुमेरा,

भाभीनं पत्र दिलं असेल. फोटो पण तुझ्याकडे आहे. तरी मी सांगतो, माझ्या तोंडून.

मी पुढे गेलो. फडकं सोडलं, चष्मा काढला. म्हटलं, "जुहेबभाई, मी इरशाद. मी कुठं गेलेलो नाय."

पहिला रितेशच ओरडला, "च्यायला, हा तर आपला मराठी!" नऊ जोड्या माझ्याकडे बघत होत्या, बोटीवर एकटी माणसं म्हंजे फक्त मी, जमाल आणि म्हातारा नाखवा. तुझ्या भावानं मला खालून वरपर्यंत बघितलं.

"दोन दिवस तू मला चहा देतोयस?"

"व्हय."

"आणि मी तुला मुस्तफाभाई, थँक्यू, मुस्तफाभाई, थँक्यू करतोय?"

"व्हय."

"आणि साखर कमी घालत होतास."

"तुम्हाला शुगर हाय, जुहेबभाई."

तेवढ्यात डोंगर वळला. एकदम सगळ्यांचे फोन वाजायला लागले, टुंग टुंग टुंग, पेणचे, रोह्याचे. जुहेबभाईंनी हातातल्या फोनकडे बघितलं आणि म्हणाले, "गेला." मी म्हटलं, "पुसून टाका ना." ते म्हणाले, "नाय पुसणार. मला तिनं बघून सांग म्हटलंय. पहिलं जे ऐकलं ते गेलं. आता जे बघतोय ते जाईल. शिडी धर."

मी शिडी धरली.

"ब्रश कुठाय तुझा? तो पण घे."

ब्रश घेतला. मागं अल बरकत हे नाव दिसलं पायजे म्हणून त्यांनी मला बाजूला सरकवलं. दोनदा सरकवलं. फोटो काढला आणि खाली एक शब्द न लिहिता तुला पाठवला. बंदरात उतरताना शिडीवर माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यांनी, आणि ह्या वेळेला माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणाले, "जेवतोस ना रे नीट?"

तेव्हापासून तुझं काय नाय. तुझ्याकडून ना फोन आला, ना कोणी माणूस. रमजान जवळ आला. जाब मी द्यायचा होता आणि मीच वाट बघत बसलोय.

तर जाब लिहितो. परत येतो म्हटलं तर आज येईन आणि चार महिन्यांनी परत वडखळला उभा राहून गाड्या बघेन, ते तुला पण माहीत आहे आणि मला पण. तुला इकडे आणतो म्हटलं तर नाखवा उन्हाळ्याआधी खोली देत नाय. आणि मोकळी करायचं मी माझ्या हातानं लिहिणार नाय. तू म्हणशील तर जमातीपुढे गुमान सही करेन, पण पहिला शब्द माझा नसेल. तुझ्या तिन्हीतलं मला काय देता येत नाय. मला एकच देता येतं. मी इथं आहे. तू कधीपण बघ, कोणाला पण पाठव, जोडीला पाठव, एकट्याला पाठव. विचारलं तर मी म्हणेन, मीच इरशाद.

मालदीवच्या माणसाचा परवा फोन आला, दोन पोरं चाललीत, तिसरी जागा तुझी. मी नाय म्हटलं आणि नंबर पुसून टाकला. पण पाठ झालाय, हुमेरा. पाठ झालेलं कसं पुसतात ते मला येत नाय. रात्री पायात मुंग्या येतात तेव्हा उठून बोट धुतो. नाखवा म्हणतो एवढी स्वच्छ बोट त्याच्या बापाच्या वेळेलापण नव्हती.

इरशाद


१९ मे २०२४
बोटीवर

हुमेरा,

ईद होऊन गेली आणि जमातीची बैठक बसलीच नाय, असं अस्लमचाचा म्हणाले. तू घरात सांगितलंस म्हणे, माझा जाब आलाय, तुम्ही बसू नका. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी रमजानभर इफ्तारला बसलो की हातात खजूर तसाच धरून बसायचो, आता बातमी येईल, मग येईल.

इथं आता असं ऊन आहे की दुपारी लोखंडाला हात लावला की चामडी चिकटते. जोड्या बंद. जमाल घरी गेला. पोरं मालदीवला गेली, एक बहारीनला गेला. बोट पाण्यातून ओढून काढली, लाकडाचे टेकू लावून यार्डात उभी केलीय. उन्हाळाभर तिला तेल पाजायचं, फटी बुजवायच्या, रंग द्यायचा. नाखव्यानं विचारलं, कोण राहतो? सगळे आपापल्या पायाकडे बघायला लागले. मी पण बघितलं. मग म्हटलं, मी.

म्हंजे आता माझं काय झालंय बघ. एका जागी न टिकणारा माणूस, आणि ज्या बोटीवर बसलोय ती पण जागची हलत नाय.

काल तू फोन केलास. नंबर बघून माझ्या हातातला तेलाचा बोळा खाली पडला. तू ना सलाम केलास ना काय.

"कुठं हायस?"

"बोटीवर."

"बोट कुठाय?"

"जमिनीवर."

मला वाटलं लाईन तुटली. मग तू हसलीस. हुमेरा, किती दिवसांनी. हसता हसताच फोन ठेवलास. मी दिवसभर बोटीला तेल लावलं, दोनदा लावलं एकाच बाजूला.

आज परत केलास. परत तेच, "कुठं हायस?" मी सांगितलं. परत ठेवलास. मला चालेल. रोज विचार, मी रोज सांगेन.

नाखव्याच्या घरामागची खोली रिकामी झालीय. परवा त्यानं न मागता चावी माझ्या हातात ठेवली. आत नळ आहे, दार आतून लागतं, चुलीला जागा आहे. मी अजून तिथं झोपायला गेलेलो नाय, बोटीवरच झोपतो. चावी खिशात आहे. येतेस का, असं मी फोनवर विचारणार नाय, फोनवर मी गोड बोलतो. म्हणून इथं लिहितोय.

यायचं झालं तर थंडी पडेपर्यंत थांबू नकोस. थंडीत बोट परत पाण्यात जाईल. आत्ता शिडी कोरड्या जमिनीला टेकलीय. मी खाली धरून उभा राहीन, तू माझ्या खांद्यावर हात ठेवून चढ. पाय भिजणार नायत, आणि चप्पल पण कुठं जाणार नाय.

इरशाद
अल बरकत